टाचांखालचा पत्रा

१

गंज ऐकू येतो, हे मी दूर शिकायला गेले तेव्हा शिकले. छोटी हातोडी घ्यायची आणि पत्र्यावर हलक्या हाताने टकटक करत पुढे सरकायचं. धड पत्रा खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला पत्रा पुठ्ठ्यासारखा ठप्प वाजतो. आवाज बदलला की तिथे खडूची रेघ ओढायची. सगळीकडून असं करत आलं की आजार कुठून कुठपर्यंत आहे ते दिसतं. मग तेवढं कापून काढायचं, नवा पत्रा बेतायचा आणि झाळायचा.

परत आल्यापासून माझी रोजची सकाळ अशीच जात होती. चहा झाला की स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने दोन पायऱ्या उतरून शेडमध्ये जायचं. शेडला पत्र्याचं छप्पर, एका भिंतीशी बाबांचं लांब लाकडी टेबल, टेबलाच्या वर खिळ्यांची रांग आणि मधोमध गाडी. चार दारांची, गोल पाठीची, सायीच्या रंगाची. माझ्याहून वयाने मोठी.

बाबा चष्मेवाले होते. गावोगाव जाऊन लोकांचे डोळे तपासायचे. डिकीत भिंगांच्या पेट्या, मागच्या सीटवर फ्रेमांचे खोके आणि शेजारच्या सीटवर आई. अक्षरांचा तक्ता धरून समोर उभं राहायचं, हे आईचं काम. कुणी म्हातारं माणूस खालच्या ओळीवर अडलं की आईला राहवायचं नाही, ती हळूच पुटपुटायची. बाबा वैतागायचे. म्हणायचे, "तुझ्या कृपेने अख्ख्या गावाची नजर शाबूत निघते. मी काय विकू?"

बाबा गाडी अनवाणी चालवायचे. पायाला पेडल कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. चपला बाहेर काढून आत बसायचे आणि निम्म्या वेळा त्या तिथेच विसरून निघायचे. प्रत्येक गावात चष्मेवाल्यांच्या चपलांचा एकेक जोड आहे, हा आमच्या घरातला कायमचा विनोद होता.

ते गेले तेव्हा मी दूर होते. पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. शिक्षण संपवून कायमची परतले, तेव्हा पाहिलं तर आईने घराबाहेर जाणंच सोडलं होतं. रोज दुपारी, जेवणाची भांडी झाली की ती पदराला हात पुसत शेडमध्ये उतरायची, गाडीत स्वतःच्या जागी बसायची आणि दार ओढून घ्यायची. बंद काचेआड तिचे ओठ हलताना दिसायचे. बऱ्याच वेळाने उतरायची ती प्रसन्न चेहऱ्याने, आणि संध्याकाळच्या भाजीचं विचारायची.

मला ते बघवत नव्हतं. मला वाटायचं, गाडी नीट करायची, तिला शेजारी बसवायची आणि खऱ्या रस्त्यावर न्यायची. आई त्या बंद दारातून बाहेर आली पाहिजे.

तेव्हा माझ्या अंगात फार जोर होता. जग वस्तू फेकून देतं म्हणून माणसंही फेकून देतं, दुरुस्ती म्हणजेच प्रेम, असं मी भेटेल त्याला ऐकवायचे. दूधवाल्यालासुद्धा.

२

चालकाच्या बाजूची चटई उचलली आणि हातोडी लावायची गरजच पडली नाही. फरशीच्या पत्र्यावर, पेडलांच्या खाली, गंजाचे दोन गोल डाग होते. बशीपेक्षा लहान, मागच्या बाजूला खोल. टाचांचे. मला हसूच आलं. बाबांच्या पायांना भयंकर घाम यायचा. घामात मीठ, मिठाने लोखंड खाल्लं. इतकं सरळ होतं.

खालून बघितलं तर डागांखाली ठिगळ, ठिगळाखाली ठिगळ, असे थर चढवलेले. हे काम वेल्डरकाकांचं. बाबांचे जुने दोस्त, कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे. त्यांना बोलावून आणलं. ते गाडीखाली सरपटत गेले आणि आपल्याच कामाला शिव्या देत बाहेर आले.

बाबा त्यांना वरचा पत्रा कापू द्यायचे नाहीत, असं ते सांगू लागले. दर वेळी भांडण व्हायचं. वरचं तसंच ठेव आणि खालून आधार दे, एवढंच बाबा म्हणायचे. पायाला सवय झाली आहे म्हणे. काकांनी शेवटी नाद सोडला आणि खालून मारत राहिले पत्र्यावर पत्रा.

"काप तू," काका मला म्हणाले. "माझं नाव बुडवलंय त्या माणसाने. काप आणि एकदाचं धड कर, ठिणगीबाई."

ठिणगी हे बाबांनी दिलेलं नाव. लहानपणी वेल्डिंग चालू असलं की मी डोळे फाडून बघत उभी राहायचे, आणि बाबा मागून येऊन माझ्या डोळ्यांवर तळवा ठेवायचे. भिंगं पुसायच्या कातड्याचा वास असायचा त्या तळव्याला. "बघायचं नाही," म्हणायचे. "आवाज ऐक, पुरे."

चालकाची सीट काढून मी भिंतीला टेकवून ठेवली. पेडलं सोडवून घासायला टेबलावर मांडली. मग ग्राइंडरने दोन्ही डागांभोवतीचा चौकोन कापला. तुकडा हातात आला तेव्हा एक गोष्ट खटकली. तो ओला होता.

गाडी वर्षभर हललेली नव्हती. चटई कोरडी होती. मी बोट लावलं. दमटपणा फक्त त्या दोन डागांवर होता, आणि कोमट. कोमट असणारच, नुकतं कापलेलं लोखंड आहे, असं मी स्वतःला समजावलं. ओलाव्यालाही कारण सापडलं: काचेचं रबर कुजलंय, कुठून तरी पाणी झिरपत असेल. तुकडा नव्या पत्र्याच्या मापासाठी लागणार होता, म्हणून टेबलाच्या वर भिंतीतल्या खिळ्याला अडकवून टाकला.

३

नवा पत्रा बसला. आधी लांब लांब अंतरावर टाके मारले, मग थांबत थांबत सांधे भरले, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. घासून सपाट केला. वर जस्ताचा प्रायमर, दोन हात. संध्याकाळी बोट फिरवून बघितलं, कुठे जोडलंय ते कळत नव्हतं.

सकाळी तिथे दोन डाग होते.

प्रायमर फोडून वर आलेले, नारिंगी, ताजे. आणि ओलसर. मागच्या बाजूला थोडे दाट, जसा टाचेवर भार येतो.

मी पाण्याने गाडी धुऊन काच तपासली. थेंबही आत आला नाही. मग ठरवलं, प्रायमरचा डबा जुना असणार. नवा आणला, डाग घासून काढले, पुन्हा मारला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच. मग वाटलं पत्राच खराब आहे. त्याचा उरलेला तुकडा पाण्याच्या बादलीत टाकून ठेवला. तो बादलीत राहिला तरी इतका गंजला नाही.

काकांना दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मनगट चोळत म्हणाले की हल्ली मनगट फार दुखतं, आता काही दिवस जमायचं नाही. जाताना त्यांनी चटई सरकवून डाग झाकले.

त्या दुपारी मी टेबलापाशी पाना शोधत होते. आई नेहमीप्रमाणे उतरली. गाडीत सगळं उघडंबोडकं होतं. चालकाच्या जागी सीट नाही, पेडलं नाहीत, नुसती स्टिअरिंगची दांडी आणि चाक. तिची जागा तेवढी शाबूत होती. तिने दार ओढून घेतलं. मी पाठमोरीच होते. तिचं बोलणं काचेतून गुणगुणल्यासारखं येत होतं.

मग तो आवाज आला. आधी खटका, मग स्प्रिंगचं लांब कण्हणं.

क्लचचा. लहानपणी मागच्या सीटवर अर्धवट झोपेत हजारदा ऐकलेला आवाज. बाबांनी क्लच दाबला की खट्ट, सोडला की ते कण्हणं. मी वळले नाही. माझ्या समोर, टेबलावर, वर्तमानपत्राच्या कागदावर क्लचचं पेडल पडलं होतं. शेजारी त्याची स्प्रिंग, रॉकेलात बुडवलेली.

छपराचा पत्रा, म्हटलं. दुपारचा तापतो, ताणतो, वाजतो. हे कारण खोटं नव्हतं. आमचं छप्पर वाजतं.

आवाज पुन्हा आला आणि या वेळी मी वळले. आई समोर बघत बसली होती. तिचं डोकं किंचित मागे गेलं आणि मग पुढे आलं. गिअर बदलताना शेजारी बसलेल्या माणसाचं जातं, तसं.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकं काढलेली होती.

४

रात्रीच्या जेवणाला आईने मला विचारलं की चालकाच्या बाजूचं काम संपलं का. मी म्हटलं, संपतच नाहीये. मग तिला गंजाबद्दल सांगत बसले. तो कसा पसरतो, एक कण राहिला तरी शेजारच्या चांगल्या लोखंडाला कसा लागतो. ती भात कालवत ऐकत होती.

"तेवढं राहू दे," ती म्हणाली.

"काय राहू दे?"

"त्यांच्या पायाखालचं. बाकी कर की सगळी गाडी चकाचक. तेवढं नको."

मी हळू आवाजात, समजूत घालायची म्हणून, म्हटलं, "आई, तो गंज आहे."

"असू दे. माणसाचाच आहे ना?"

तिने क्लचचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. काढलं असतं तर काय झालं असतं, याचा मी आता पुष्कळ विचार करते. तिला वाटत असावं की मला माहीत आहे. मला वाटत होतं की मी थकले आहे, आणि तीही. मी तिचा हात धरून म्हटलं की बाबांवर तिचं प्रेम आहे ते मला कळतं, पण आठवण जपणं वेगळं आणि कुजणं जपणं वेगळं. हे वाक्य मी दूर असताना एका निबंधात लिहिलं होतं आणि त्याला वाहवा मिळाली होती.

आईने हात सोडवून घेतला नाही. ताटाकडे बघत म्हणाली, "तू शिकून आलीस. तुला कळतं."

मला तेव्हा तो होकार वाटला.

५

मी अख्खी फरशीच काढायला घेतली. दोन्ही बाजूंची, आडवी पट्टीही. आईची सीट बाहेर आली. ते दोन-तीन दिवस आईला बसायला जागा नव्हती; ती पायऱ्यांवर येऊन उभी राहायची आणि माझ्याकडे पाहून परत जायची. मी तिला म्हणायचे, थोडा धीर धर, मग बघ.

वेल्डिंगचा मुखवटा डोक्यावर ओढून मी चालकाच्या बाजूला शिरले, गुडघ्यांवर. नव्या पत्र्याचा पहिला टाका मारला. कड्कड् आवाज झाला, पण प्रकाश दिसला नाही. मुखवट्याच्या काळ्या काचेतून ठिणगीचा हिरवा ठिपका दिसतो नेहमी, तोही नाही. पूर्ण अंधार. मला वाटलं काचेवर काही चिकटलंय.

मग जाणवलं की काचेच्या आत, मुखवट्याच्या आत, माझ्या डोळ्यांवर काहीतरी आहे. कोमट, कोरडं, जड नाही. आणि कातड्याचा वास आला.

मी मुखवटा फेकला. शेडमध्ये कोणी नव्हतं. मागच्या दारातून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी घामाने निथळत होते आणि माझी पापणी फडफडत होती. घाम, उष्णता, अपुरी झोप. तीन कारणं एकदम मिळाली. तोंड धुऊन आले, मुखवटा चढवला आणि डोळे मिटून घेतले. खरंच सांगते, डोळे मिटूनच तो सांधा मी पूर्ण केला, नुसत्या आवाजावर. आयुष्यात इतका सुबक सांधा मी झाळला नाही.

ज्याला मी कापून काढत होते, तो माझे डोळे सांभाळत होता. हे वाक्य तेव्हा माझ्या मनात आलंही नाही. आता ते जात नाही.

कापलेला सगळा पत्रा मी पोत्यात भरला. भंगारात लोखंड गंजत पडू द्यायचं नाही, ते भट्टीत गेलं पाहिजे, वितळून पुन्हा कामाला आलं पाहिजे, ही माझी श्रद्धाच होती. भंगारवाला टेंपो घेऊन आला तेव्हा आई आंघोळीला गेली होती. ती बाहेर येईपर्यंत थांबता आलं असतं. मी शेडभर एक शेवटची नजर टाकली आणि खिळ्याला अडकवलेला तो पहिला चौकोन काढून पोत्यात वर ठेवला. तो अजून ओला होता.

भंगारवाल्याने पोतं एका हाताने उचलायला घेतलं आणि ते हललं नाही. त्याने ड्रायव्हरला हाक मारली. दोघांनी मिळून उचललं, तरी त्यांच्या मानेच्या शिरा ताठल्या.

"पत्रा आहे का कोणाला बसवलंय आत?" भंगारवाला म्हणाला आणि आम्ही तिघंही हसलो.

पोतं फळीवर टेकलं तेव्हा टेंपोची मागची बाजू हळूच खाली बसली. कोणी चढून आत बसावं, तशी.

६

नवी फरशी कोरडी राहिली. सकाळी बॅटरी मारून बघितलं, दुसऱ्या सकाळीही बघितलं. राखाडी, सपाट, निर्मळ. मी सीटा बसवल्या, नव्या स्प्रिंगा घालून पेडलं जोडली, चाकं चढवली. नाचायचं तेवढं बाकी होतं. आईला हाताला धरून आणलं आणि दार उघडलं.

ती बसली. दार ओढून घेतलं. मी टेबलाला टेकून उभी राहिले, हातात चहाचा कप. काचेआड तिचे ओठ हलले, थांबले. तिने डावी-उजवीकडे पाहिलं नाही, नुसता हात पसरून चालकाच्या सीटवर ठेवला, एखाद्याचा ताप बघावा तसा. मग उतरली. एवढ्या लवकर ती कधीच उतरली नव्हती.

"काय झालं?"

"काही नाही. छान केलीस."

"मग?"

"रिकामी आहे गं," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. दुकानात गेलं आणि वस्तू संपलेली निघाली, तसं. मग तिची नजर टेबलावर गेली, तिथून भिंतीवर, खिळ्यांच्या रांगेवर. एक खिळा मोकळा होता.

"इथला तुकडा कुठाय?"

मी सांगितलं. वितळण्याचं, पुन्हा जन्माला येण्याचं सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. आईचा चेहरा बदलला नव्हता, पण तिने भिंतीचा आधार घेतला.

मग ती आत गेली आणि बाहेरच्या चपला घालून आली. वर्षभर कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या. "स्कूटर काढ," म्हणाली.

मला आई घराबाहेर यायला हवी होती. ती आली.

७

भंगाराचा अड्डा गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून आहे. वाटेत आईने माझ्या खांद्याला धरलं होतं, बोटं रुतत होती. ती एकदाच बोलली, की वेगाने चालव.

भरदुपार होती. फाटकाशी स्कूटर लावून मी पुढे पळाले. आत लोखंडाचे डोंगर, कपाटं, पिंपं, सळया, एका बाजूला नुसत्या सायकलींच्या चौकटी. भंगारवाला खाटेवर पडला होता. त्याने विचार करून सांगितलं की आमचं पोतं आजच्या मालात गेलं, आणि हात केला. पलीकडच्या फाटकाशी भट्टीकडे जाणारा उघडा ट्रक भरून उभा होता. इंजिन चालू होतं.

मी धावत ट्रकच्या मागच्या कोपऱ्याशी पोहोचले आणि वर पाहिलं.

ढिगाच्या माथ्यावर कोणीतरी बसलं होतं. माझ्याकडे पाठ, तोंड पुढे, ट्रक जाणार त्या दिशेला. दोन्ही हात छातीसमोर उचललेले, मुठी अर्धवट मिटलेल्या, मध्ये काही नाही. पाय अनवाणी, टाचा एका पत्र्यावर टेकलेल्या. तळव्याच्या कडेने खाली काहीतरी ओलं चमकत होतं. उन्हामुळे मला डोकं नीट दिसलं नाही. शर्टाची कॉलर दिसली. मागून उसवलेली आणि पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली. आईचे टाके मी ओळखते.

त्याच्या डाव्या हाताला ढिगात एक जागा होती. एका माणसापुरती, सपाट करून ठेवल्यासारखी.

ट्रकच्या ड्रायव्हरने आरशात मला पाहिलं. डोकं बाहेर काढून हातानेच विचारलं, काय आहे?

एवढाच क्षण होता. हात वर केला असता तर तो थांबला असता. थांबला असता, मी वर चढले असते, पत्रा शोधला असता. पण त्याला काय सांगायचं, याचा मी विचार करू लागले. कोण बसलंय म्हणून सांगू? उन्हात धावून आले आहे, डोळ्यांपुढे अंधारी आली आहे, कोणीतरी हमाल बसला असेल. कारणं तर माझ्याकडे नेहमीच तयार असायची. मी ती एकेक करून तपासत होते, आणि हात खालीच राहिला.

वरच्या माणसाचा डावा पाय सावकाश खाली दाबला गेला आणि सावकाश वर आला. खट्ट. मग ते कण्हणं. ट्रक हलला.

तो मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आई माझ्याजवळ पोहोचली. तिला धाप लागली होती. आम्ही दोघी धुळीत उभ्या राहून बघत राहिलो.

"दिसले?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिने कपाळावर हाताचा आडोसा धरला होता. तक्ता धरून उभी राहायची तशीच ताठ उभी होती, आणि ट्रक ठिपका होईपर्यंत तिने तो हात खाली घेतला नाही.

"चपला विसरले बघ," ती म्हणाली.

८

गाडी आता धावते. लोक थांबून बघतात, वेल्डरकाका ओळखीच्यांना दाखवायला आणतात, पण आत बसत नाहीत. रविवारी मी आईला फिरवून आणते. ती मागच्या सीटवर बसते. पुढे बस म्हटलं तर म्हणते, मागे बरं वाटतं, पाय लांब करता येतात. ती हसते, बोलते, भाजीचे भाव सांगते. दुपारी ती हल्ली झोपते. शेजारणी म्हणतात, लेक आली आणि बाई सावरली.

भट्टीवर मी गेले होते. तिथल्या माणसाने मला एका लाल उजेडाच्या दारातून आत बघू दिलं आणि वर म्हणाला, जास्त वेळ बघू नका, डोळे जातील. मी बघत राहिले. कोणी तळवा ठेवला नाही.

बाबांच्या शेवटच्या चपला शेडच्या पायरीवर आहेत. मी गाडी अनवाणी चालवते. उन्हात काचा बंद ठेवून चालवते, म्हणजे पायांना घाम येतो. बाबांसारखाच येतो, हे मला आधी माहीत नव्हतं. घरी आले की चटई न घालता तशीच बसून राहते, टाचा पत्र्यावर दाबून, ओल्या. चाकावर हात ठेवते. क्लच दाबून सोडते. नव्या स्प्रिंगचा आवाज येत नाही.

रोज सकाळी बॅटरी घेऊन उतरते आणि पेडलांखाली वाकून बघते. हातोडीने टकटक करते. पत्रा खणखणीत वाजतो. राखाडी, सपाट, निर्मळ. काम मी चांगलं केलंय. तिथे कधीच गंज धरणार नाही.